पलंगाखालचं यीस्ट

आमच्या बोटीत संडासाची टाकी आमच्या झोपायच्या पलंगाखाली आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. बोट विकणाऱ्यानं ते सांगितलं नव्हतं. त्यानं पितळी दिवे दाखवले, कोळशाची शेगडी दाखवली, खिडकीबाहेरची बदकंसुद्धा स्वतः पाळल्यासारखी दाखवली. पलंगाखाली काय आहे असं डॉरीननं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "भरपूर जागा." खोटं नव्हतं ते. जागा भरपूर होती, फक्त ती आम्ही भरायची होती.

स्टॅफर्डशायरच्या कालव्यावर बोटीत राहणाऱ्या माणसांत दोन पंथ आहेत. एक डब्याचा आणि एक टाकीचा. डब्याचे लोक आपला डबा स्वतः उचलून रिकामा करून आणतात. टाकीचे लोक महिनाभर सगळं पोटात ठेवतात आणि मग उपसा केंद्रावर बोट नेऊन एकदाच मोकळे होतात. डब्याचे लोक आम्हाला आळशी समजतात, आम्ही त्यांना दुर्दैवी समजतो. हवापाण्यावर बोलून झालं की काठावर दुसरा विषय नसतो. विमा कंपनीत उभा जन्म गेला, पण चारचौघांत मी कधी 'संडास' हा शब्द उच्चारला नव्हता. बोटीवर आल्यापासून मी त्यावर जेवताजेवताही बोलू लागलो. पथ्य एकच. तात्त्विक चर्चा हवी तेवढी करावी, पण "तुमच्या बोटीला वास येतो" असं शेजाऱ्याला मरेपर्यंत म्हणू नये. ते असभ्य माणसाचं लक्षण.

बोटीचं नाव 'डॉरीन्स ड्रीम'. स्वप्न माझं होतं, नाव तिचं दिलं. निवृत्तीनंतर बोटीत राहायचं हे मी लग्नाच्या आधीपासून मनात घोळवत होतो. डॉरीन एका अटीवर तयार झाली. घर विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं. उन्हाळा लागेपर्यंत राहून बघायचं. मग तिची बहीण ग्वेन येईल, आणि डॉरीनला वाटलं तर ती तिच्याबरोबर माल्व्हर्नला जाईल. तिथं ग्वेननं तिच्यासाठी टेकडीकडे तोंड असलेली खोली आधीच रंगवून ठेवली होती.

"आणि मी?" मी विचारलं होतं.

"तू बोट विकून ये. नाहीतर बोटीतच राहा आणि स्वतःची अंडी स्वतः उकड."

मला अंडी उकडता येतात. प्रश्न अंड्यांचा नव्हता. तिच्याशिवाय त्या बोटीत मी एक दिवसही राहिलो नसतो, आणि तिच्याबरोबर त्या बोटीत मरायलाही माझी हरकत नव्हती. हे तिला सांगायला हवं होतं. पण आमच्याकडे नवरे असलं काही सांगत नाहीत, शेगडीत कोळसा घालतात. मी घातला.

डॉरीनची तक्रार टाकीबद्दल नव्हतीच. ती एकदा खिडकीत बसून म्हणाली, "नॉर्मन, इथं सगळे हसून गुड मॉर्निंग म्हणतात आणि पडदा ओढून घेतात. हिवाळा गेला, पण एक माणूस या दारातून आत आलं नाही." मी म्हटलं, लोक भिडस्त आहेत. ती म्हणाली, "भिडस्त तर ग्वेनची मांजरही आहे. ती निदान मांडीवर बसते."

अशा नाजूक परिस्थितीत पाणकोंबडीनं अंडी घातली.

उपसा केंद्र आमच्यापासून दोन लॉक पलीकडे. लॉक म्हणजे बोटींसाठी केलेला पाण्याचा जिना. फाटकं उघडायची, पाणी भरायचं, बोट वरच्या पायरीवर न्यायची. त्यातल्या पहिल्याच फाटकाच्या फळीवर या बाईनं काटक्या रचल्या आणि ठाण मांडलं. आमच्या देशात घरट्यावर बसलेल्या पक्ष्याला उठवणं हा गुन्हा आहे. माणसाला उठवता येतं. कालव्याच्या कचेरीनं लॉकला साखळी लावली आणि मिस थ्रॉसेल नावाच्या तरुण बाईंना दुर्बीण देऊन काठावर बसवलं. टाकी किती भरली ते दाखवणारा आमचा दिवा त्याच आठवड्यात हिरव्याचा पिवळा झाला.

मी मिस थ्रॉसेलना भेटलो. टोपी काढून म्हणालो, "आमची जराशी अडचण आहे."

"कसली?"

"टाकीची. विशेष काही नाही. थोडीशी गैरसोय."

"अरेरे," त्या दुर्बीण न काढता म्हणाल्या. "पण ती बसली आहे हो. तिला आपण काही विचारू शकत नाही."

"किती दिवस बसेल?"

"ते तिच्यावर आहे."

"उपसा करणारी लॉरी काठावर आणता आली तर..."

"लॉरीनं जमीन हादरते. परवानगी लागते. परवानगी देणारे साहेब पोर्तुगालला गेलेत. अगदी आणीबाणी असेल तर बघता येईल. आणीबाणी आहे का?"

आता खरं सांगायचं तर दिवा तांबूस होऊ लागला होता. पण अनोळखी तरुण बाईसमोर माझ्यासारख्या माणसानं, आपल्या पोटातल्या गोष्टी आणीबाणीला आल्या आहेत असं कसं म्हणायचं? "छे, छे," मी म्हणालो. "आणीबाणी कसली! चालवून घेऊ."

चालवून घेणं म्हणजे पबपर्यंत चालत जाणं. काठानं थोडं गेलं की पब लागतो आणि तिथला संडास उत्तम आहे. पण काही विकत न घेता पबचा संडास वापरणं आमच्या घराण्यात बसत नाही. म्हणून मी आधी अर्धा पाइंट बिअर घ्यायचो, मग आत जायचो. परत बोटीवर येईपर्यंत बिअर आपलं काम करायची, की पुन्हा पबकडे. दुपारपर्यंत पबवाला मला "काय, आज पुन्हा?" असं विचारू लागला. डॉरीन शहाणी. ती एक पाकीट शेंगदाणे घ्यायची. आमच्या कपाटात शेंगदाण्यांची रास झाली.

तेव्हा आमच्या आयुष्यात बेसिल ट्रॅपनेल शिरला. म्हणजे तो आमच्या पुढच्या बोटीत होताच. दाढीवाला, निवृत्त संगीत शिक्षक, बोटीत स्वतःची बिअर गाळणारा. काठावर भेटला आणि माझं तोंड बघूनच म्हणाला, "टाकी?"

"टाकी."

"यीस्ट!" बेसिल म्हणाला.

"पावात घालतात ते?"

"तेच. अरे, यीस्ट हा जगातला सगळ्यात भुकेला प्राणी. साखर दे, कोमट पाणी दे आणि बाजूला हो. सगळं खाऊन पाणी करून टाकतं. आठवड्यात टाकी निम्मी."

"तू स्वतः करून बघितलंयस?"

"मी कशाला करू? माझ्याकडे डबा आहे."

टाकी नसलेल्या माणसाचा टाकीबद्दलचा सल्ला मी तिथंच नाकारायला हवा होता. पण बुडत्याला काडीचा आधार, आणि माझ्या काडीला दाढी होती. मी गावातल्या दुकानातून यीस्ट आणलं. दुकानदारीण म्हणाली, "वा, पाव करताय घरी?" मी हो म्हणालो. ती पुढं कृतीही विचारू लागली. मी अंदाजानं सांगितली.

साखर, कोमट पाणी आणि यीस्ट कालवून मी टाकीत सोडलं. काहीच झालं नाही. दिवा तसाच, वास तसाच. बेसिलनं चौकशी केली, "आधी ते निळं औषध घालत होतास?"

"घालत होतो. वास मारायला."

"शाबास! आधी जेवणात विष कालवलंस आणि मग पाहुण्याला पानावर बसवलंस. ते मेलं असणार सगळं. आता जास्त घाल. आणि ऊब दे. टाकी गार पडलीय तुझी."

मी निळं औषध बंद केलं. यीस्ट दुप्पट केलं, साखरेच्या जोडीला काकवी घातली. बेसिलनं मैत्रीखातर आपल्या बिअरचा गाळ बादली भरून दिला, तोही घातला. मग गरम पाण्याच्या रबरी पिशव्या भरून टाकीच्या दोन्ही अंगांना लावल्या आणि वर डॉरीनची जुनी दुलई खोचली. डॉरीन दारात उभी राहून बघत होती.

"माझे पाय इतकी वर्षं थंडीत बर्फ होतात," ती म्हणाली. "एकदा तरी पिशवी दिलीस?"

मी दुलईची कड नीट केली.

या वेळी यीस्ट जागं झालं. कान लावला की टाकीतून बारीक खदखद ऐकू यायची. सुरुवातीला वास वाढला. जुनाट संडासात कुणी बेकरी उघडावी तसा तो वास होता. आमच्या शेजारच्या बोटीत मिसेस पॉटिंजर राहतात. विधवा, नाजूक, जिरेनियमच्या कुंड्यांची हौस. टाकीतली हवा बाहेर सोडणारं भोक बोटीच्या बाजूला असतं आणि आमचं नेमकं त्यांच्या खिडकीसमोर यायचं. त्या रोज सकाळी मला म्हणायच्या, "काय छान वारा सुटलाय, नाही?" मी म्हणायचो, "हो ना, अगदी मोकळा." त्यांच्या डोळ्यांत पाणी असायचं. मी ते वैधव्याचं समजायचो.

आणि एका सकाळी वास गेला. पूर्ण गेला. मी काठावर या टोकापासून त्या टोकापर्यंत नाक वर करून फिरलो. नुसता गवताचा वास! मला शाळेत कधी बक्षीस मिळालं नव्हतं. विमा कंपनीतही निरोपाला घड्याळ मिळालं ते दुसऱ्याच कुणाचं नाव कोरलेलं. त्या सकाळी प्रथमच मला वाटलं, नॉर्मन पिल्बीम, तू काहीतरी करून दाखवलंस.

मग मी थांबतो कसला! पबमध्ये मी टाकीच्या पंथाला यीस्टवर व्याख्यान दिलं. उष्णतेचं महत्त्व सांगितलं, काकवीचं सांगितलं, निळ्या औषधावर सडकून टीका केली. बेसिल "सल्ला माझा होता" असं मधूनमधून म्हणत होता, तिकडं मी लक्ष दिलं नाही. मिसेस पॉटिंजरनी सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवल्या. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. किती गुणग्राही बाई, असं मी डॉरीनला म्हणालो.

ग्वेन रविवारी यायची होती. तोपर्यंत टाकीला पूर्ण विश्रांती द्यायची, संडासाची झडपसुद्धा उघडायची नाही, यीस्टला निवांत जेवू द्यायचं असं मी ठरवलं. आम्ही इमानानं पबला जात राहिलो, शेंगदाणे वाढत राहिले. टाकी प्लास्टिकची. शुक्रवारी पलंगाच्या मधोमध टेंगूळ दिसलं. शनिवारी त्याची टेकडी झाली. लग्नानंतर प्रथमच आम्ही दोघं दोन वेगळ्या उतारांवर झोपलो.

"नॉर्मन, गादीला काय झालंय?"

"स्प्रिंग. ओल लागली की फुगतात."

"कापसाच्या गादीत स्प्रिंग?"

मी विषय हवेवर नेला.

ग्वेन आली ती नवी निळी हॅट घालून. माझी मेव्हणी वाईट बाई नाही, पण ती कुठल्याही खोलीत शिरली की त्या खोलीला आपलं चुकलंच असं वाटू लागतं. डॉरीननं स्कोन, म्हणजे चहाबरोबरचे छोटे पाव, केले होते. ग्वेननं दोन खाल्ले, तीन कप चहा घेतला आणि पडद्यांपासून छतापर्यंत सगळं बघितलं.

"अगं, किती अरुंद गं हे! आणि बोलायला कोण आहे तुला इथं?"

डॉरीन बशीकडे बघत म्हणाली, "नॉर्मन आहे."

"तेच म्हणते मी. खोलीला पिवळा रंग दिलाय. ये चल माझ्याबरोबर आजच. खरं सांग, राहायचंय तुला इथं?"

डॉरीन बशीतले स्कोनचे कण बोटानं गोळा करत राहिली. तिचं ते न बोलणं मला लागलं. नाही म्हणाली असती तर निदान भांडता आलं असतं.

तेवढ्यात ग्वेन उठली. "मी जरा तुमचा संडास वापरते."

"पबमध्ये फार सुरेख आहे!" मी ओरडलो.

"नॉर्मन, मी पबमध्ये जात नाही," असं म्हणून तिनं आत जाऊन कडी लावली. आमची कडी नाममात्र आहे, जोरात ओढलं की निघते.

मी दाराबाहेर उभा राहिलो. आत पायाखाली एक पेडल आहे. ते दाबलं की झडप उघडते आणि सगळं खाली टाकीत जातं. पण खाली तर आता आठवडाभर जेवलेलं यीस्ट बसलं होतं आणि झडप उघडायची वाट बघत होतं. ते टेंगूळ कशाचं आहे हे मला त्या क्षणी लख्ख कळलं. "ग्वेन, पेडल दाबू नकोस." एवढे चार शब्द. पण संडासात गेलेल्या मेव्हणीशी दारातून बोलायचं? माझी आई स्वर्गात आहे, तिनं काय म्हटलं असतं?

मी खाकरलो. "ग्वेन, आज उकडतंय नाही?"

आतली कागदाची सळसळ थांबली. मग कापऱ्या आवाजात, "नॉर्मन, तू माझ्याशी बोलतोयस?"

"नाही, नाही! सहज. म्हणजे, काही गोष्टी कधीकधी न दाबलेल्याच बऱ्या असतात. आयुष्यात."

"डॉरीन!" ग्वेननं आतून हाक मारली. "तुझ्या नवऱ्याला बरं नाही का?"

मग तिच्या बुटांचा आवाज आला. ती उठून उभी राहिली, कपडे नीट केले, वळली. आता पेडल. मी डोळे मिटले, कडीसकट दार ओढलं, ग्वेनला दंडाला धरून बाहेर खेचलं आणि स्वतः आत कोलमडलो. तिचा पाय मात्र जाताजाता पेडलवर पडलाच.

पुढचं वर्णन मी थोडक्यात करतो. ते वर गेलं. छताला लागलं आणि तिथून सगळीकडे आलं. सगळीकडे म्हणजे मुख्यतः माझ्यावर, कारण तिथं दुसरं कुणी नव्हतं. ग्वेनच्या हॅटला कडेनं प्रसाद मिळाला. बोट इतकी हलली की काठावर माणसं धावली.

ग्वेननं हॅट काढून बघितली. मग शांतपणे म्हणाली, "डॉरीन, मला वाटतं तुमच्या संडासात काहीतरी किंचित बिघाड आहे."

सगळ्यांत पहिल्या मिसेस पॉटिंजर आल्या. हातात पोछा, डोळ्यांत धारा. "माझ्यामुळे झालं हो!" त्या हुंदके देत म्हणाल्या. "बूच मी लावलं!"

"कसलं बूच?" डॉरीननं विचारलं.

"तुमच्या त्या भोकाला. पोर्ट वाइनच्या बाटलीचं. स्वच्छ रुमालात गुंडाळून लावलं, अगदी इस्त्रीच्या. वास सहन होत नव्हता, आणि तुम्हाला सांगणार कसं? तुम्हाला वाईट वाटलं असतं!"

म्हणजे यीस्टनं वास खाल्ला नव्हताच. मी ज्यावर व्याख्यान दिलं ते पोर्ट वाइनचं बूच होतं. मी तसाच थेंब थेंब गळत ऐकत होतो. मागून मिस थ्रॉसेल धावत आल्या. पाणकोंबडी जागची हलली नाही, हे त्यांनी आधी सांगितलं आणि मग माझ्याकडे बघितलं.

"अहो, ही तर आणीबाणी आहे! आणीबाणीत लॉरी उद्याच मिळते. आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं!"

"तुम्ही 'थोडीशी गैरसोय' म्हणालात."

डॉरीन सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होती. मग तिनं मिसेस पॉटिंजरचा हात धरला. "मिसेस पॉटिंजर, वास किती येत होता?"

"जरासा."

"खरं सांगा."

मिसेस पॉटिंजरनी ओठ आवळले आणि मग सुटल्याच. "भयंकर, बाई, भयंकर! माझा कॅनरी पक्षी दोन दिवस गायला नाही! आणि बेसिल, आता बोलतेच आहे तर, तुझी ती बिअर म्हणजे घोड्याचं औषध आहे! दर ख्रिसमसला मी ती कुंडीत ओतते!"

"म्हणूनच तुमची जिरेनियम झिंगलेली असतात!" बेसिल गरजला. "आणि तुमचा कॅनरी बेसूर आहे! संगीत शिक्षक म्हणून सांगतो, तो गप्प होता ते दोन दिवस माझ्या आयुष्यातले उत्तम दिवस!"

डॉरीन हसायला लागली. पोट धरून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. असं हसताना मी तिला घर सोडल्यापासून पाहिलं नव्हतं. तिचं बघून मिसेस पॉटिंजर हसू लागल्या. बेसिल बादली घेऊन आत घुसला, मिस थ्रॉसेलनी बाह्या सरसावल्या. आमच्या सात फूट रुंदीच्या बोटीत पाय ठेवायला जागा उरली नाही. कुणीतरी चहाचं आधण ठेवलं. कुणी शेंगदाण्यांचं कपाट उघडलं आणि "अरे बापरे!" असं ओरडलं.

ग्वेन हॅट हातात धरून काठावर उभी होती. "डॉरीन," ती म्हणाली, "बॅग भर. झालं एवढं पुरे."

"बॅग?" डॉरीननं डोळे पुसले. "अगं, आज कुठं या लोकांनी तोंड उघडलंय. आता मी जाते होय? तू थांब, चहा घे. आणि तुझी ती पिवळी खोली दे कुणाला तरी. मी नाही येत."

इतके महिने कोळशावर निभावलं, आता मात्र सांगायचंच असं मी ठरवलं. सगळ्यांसमोर दोन्ही हात पसरून मी तिच्याकडे निघालो.

"डॉरीन," मी म्हणालो, "तू नसतीस तर मी इथं एक दिवस..."

"नॉर्मन," डॉरीन एक पाऊल मागे सरत, हसत म्हणाली, "तिथंच थांब. तुझ्या अंगाला घाण वास येतोय."

माझ्याशी इतकं स्पष्ट आणि इतक्या मायेनं आजवर कुणीच बोललं नव्हतं. मी कपड्यांसकट कालव्यात उतरलो, आणि मिसेस पॉटिंजरनी खिडकीतून माझ्याकडे साबण फेकला.